वाडीचा पंचनामा एकदाच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे संपत आला की अरबी समुद्रातल्या कमी दाबाच्या पट्ट्याच्या बातम्या सुरू होतात, आणि आमच्याकडे विषय हमखास 3 जून 2020 वर येतो. निसर्ग चक्रीवादळ त्या दिवशी दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी 110-120 किलोमीटर, उडालेले पत्रे, कित्येक आठवडे नसलेली वीज, हे तेव्हा छापून आलं. त्यानंतर नारळी-पोफळीच्या वाड्यांचं काय झालं यावर मात्र फारसं कोणी लिहिलं नाही, म्हणून हे पत्र.

आमची वाडी बारा गुंठ्यांची. वर माड, त्यांच्या सावलीत पोफळी म्हणजे सुपारीची झाडं, पोफळीवर चढवलेली मिरी आणि मधे मामंजींच्या हातची जायफळं. शासनाने त्या वेळी बागायतीची मदत वाढवून हेक्टरी 50 हजार केली. हेक्टर म्हणजे शंभर गुंठे, म्हणजे गुंठ्याला 500 आणि आमच्या वाडीला 6 हजार रुपये. आडवे झालेले माड तोडून बाहेर काढायची मजुरीसुद्धा त्यात भागली नाही. कोकणात हेक्टरात वाडी असते कोणाची? पुढे झाडांप्रमाणे मदत द्यायचं ठरलं ते योग्यच झालं, पण तीही पडलेली झाडं एकदा मोजून.

वाडी एका दिवसात मरत नाही. आमच्या बऱ्याच पोफळी वादळात उभ्या राहिल्या होत्या. पंचनाम्यात त्या अर्थातच धरल्या नाहीत. पण वरचे माड गेल्याने त्यांच्यावरची सावली गेली. दुपारनंतरचं तिरपं ऊन ज्या बाजूने लागायचं त्या बाजूची खोडं आधी पिवळी पडली, मग तडकली आणि पुढच्या पावसाळ्यांत साध्या वाऱ्यालाही मधोमध मोडली. त्यांची नोंद कुठेच नाही.

दुसरं नुकसान भुंग्याचं. माडाचे ओंडके कोणी विकत घेईना, ते वाडीच्या कडेला कुजत राहिले. कुजक्या ओंडक्यांत गेंड्या भुंगा वाढतो आणि नव्या रोपाचा कोंब पोखरतो. झावळी उलगडली की कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसते. कोंबच खाल्ला गेला तर रोप संपलं. आम्ही अशी रोपं उपटून परत लावली, शेजाऱ्यांनीही तेच केलं.

सातबाऱ्यावरच्या सामाईक नावांचा त्रास तर कोकणात घरोघरी आहे. मदतीसाठी मुंबईतल्या चुलत दिरांची संमतीपत्रं गोळा होईपर्यंत आमचे महिने गेले.

सुपारी लावल्यापासून पीक हाती यायला सहा-सात वर्षं लागतात. 2020 च्या पावसाळ्यात लावलेल्या आमच्या पोफळींना आत्ता कुठे पोय (फुलोरा) दिसू लागली. मधली वर्षं आमच्या घरात एक पगार होता म्हणून निघाली. ज्यांचं पोट फक्त वाडीवर होतं, त्यांतल्या काहींनी जागा विकल्या.

म्हणून शासनाला कळकळीची विनंती, निकष पुढच्या वादळाआधी बदला. पडलेली झाडं उचलायचे पैसे वेगळे आणि पहिल्याच महिन्यात द्या. वर्षभराने फेरपंचनामा करून उन्हाने गेलेल्या पोफळी त्यात धरा. आणि नवी लागवड केलेल्याला पीक सुरू होईपर्यंत दरवर्षी थोडीफार का होईना, मदत द्या.

आपली,
एक बागायतदार महिला
ता. श्रीवर्धन, जि. रायगड