टायगरच्या धापेचं कारण शोधणाऱ्या डॉक्टरबाईंस

आदरणीय डॉक्टरबाई,
सप्रेम नमस्कार.

टायगर आता रात्री शांत झोपतो, हे तुमच्यामुळे. उघड पत्र लिहितेय, कारण तुम्ही जे समजावलंत ते आमच्या गोव्यातल्या डिचोलीत कुत्रा असलेल्या प्रत्येक घरात पोचायला हवं.

भर पावसाळ्यात, पंख्याखाली, मध्यरात्री आमचा म्हातारा लॅब्राडोर जीभ काढून लहालहा करायचा. जो तो म्हणे, "उकडतंय त्याला." तुम्ही आधी विचारलंत, "फिरून आल्यावर करतो की झोपेतून उठून?" हिरड्या पाहिल्यात, छाती तपासलीत आणि फरशीवर त्याच्याशेजारी बसून मागचे पाय हलकेच ताणलेत. डाव्या खुब्याला हात लागताच धाप वाढली. सांधा दुखत होता. बोलता न येणाऱ्या जिवाचं दुखणं तुम्ही इतक्या सबुरीने शोधलंत, याचे आभार कसे मानू?

कुत्र्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गाद्यांत. अंग निववायचं ते जीभ, तोंड आणि नाकातल्या ओलाव्याची वाफ करून. हवा दमट असली की ती वाफ नीट होत नाही. म्हणून आपल्याकडे मे महिन्यात पारा ३३-३४ वर असला तरी कुत्र्यांचे हाल होतात, बसक्या नाकाच्या पगचे तर फारच. उन्हाने कोसळलाच, तर आधी अंगावर गार पाणी ओतून वारा घालायचा, मग दवाखाना गाठायचा.

पण दुखणं, भीती, हृदयाचा आजार, गोचीड तापाने कमी झालेलं रक्त, यांतही तो धापा टाकतो. गाढ झोपेत मिनिटाला ३० पेक्षा जास्त श्वास वारंवार भरले तर तुम्हाला कळवायचं. हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर दिसल्या तर सकाळची वाट पाहायची नाही. आणि आपली दुखण्यावरची आयबुप्रोफेनची गोळी त्याला कधीच द्यायची नाही. हे शेवटचं मी भेटेल त्याला सांगते.

तुम्ही दिलेल्या औषधाने तो परत अंगणाची पायरी चढतो. चवथीच्या फटाक्यांसाठी तुम्ही सुचवल्याप्रमाणे आतली खोली तयार ठेवलीय, खिडक्या बंद करून. नेवऱ्या खायला नक्की या, टायगरलाही भेटा.

तुमची कृतज्ञ,
टायगरच्या घरची