गारपिटीनंतरचा अंधार आणि नाकारलेली वॉरंटी : इन्व्हर्टर-बॅटरी कंपनीला तक्रार पत्र

दिनांक : १८ डिसेंबर २०२३

प्रति,
मा. प्रमुख, ग्राहक सेवा विभाग,
इन्व्हर्टर व बॅटरी उत्पादक कंपनी

विषय : ९०० व्हीए इन्व्हर्टर व १५० एएच (अँपिअर-तास) ट्यूब्युलर बॅटरी या संचाची चुकीची तपासणी, नाकारलेली वॉरंटी आणि अपुरी माहितीपुस्तिका याबाबत.

महोदय,

नोव्हेंबरअखेरच्या अवकाळी पावसाने आणि गारपिटीने निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागांचे काय केले, ते आपण वर्तमानपत्रांतून वाचले असेल. त्याच वाऱ्यात विजेचे खांब आडवे झाले, तारा तुटल्या आणि गोदाकाठच्या आमच्या गावातली लाइट कित्येक दिवस बंद राहिली. त्याची तक्रार वीज कंपनीकडे वेगळी केली आहे. गावातल्या आम्हा ग्राहकांची आपल्याकडची तक्रार अशी की, लाइट गेल्यावर उपयोगी पडावी म्हणून विकलेली बॅटरी लाइट गेली तेव्हा वापरली, याच कारणासाठी आपल्या सेवा विभागाने तिची वॉरंटी नाकारली आहे. "डीप डिस्चार्ज, वॉरंटीबाहेर" एवढाच शेरा, म्हणजे बॅटरी प्रमाणाबाहेर उतरवली असा, प्रत्येक सर्व्हिस रिपोर्टवर आहे.

आधी तपासणीबद्दल, कारण सगळा निकाल तिच्यावरच लावला गेला. आपल्या तंत्रज्ञाने टर्मिनलवर मल्टिमीटर लावून व्होल्टेज पाहिले, ते ११ च्या आसपास होते. मग लोड टेस्टरचे चिमटे लावून काही सेकंद भार दिला, काटा खाली गेला आणि शेरा लिहिला गेला. रिकाम्या बॅटरीवर लोड टेस्ट घेतली तर चांगली बॅटरीही नापासच होणार. ही चाचणी बॅटरी पूर्ण चार्ज करून, काही तास विसावू देऊन मगच घ्यायची असते. लाइट परत आल्यावरही पहिले काही दिवस ती तास-दोन तास यायची आणि पुन्हा जायची. इन्व्हर्टरचा चार्जर १० ते १५ अँपिअर देतो, म्हणजे पूर्ण उतरलेली १५० एएचची बॅटरी भरायला सलग बारा ते पंधरा तास लागतात. तेवढी सलग लाइट बॅटरीला मिळालीच नव्हती, आणि तंत्रज्ञाने ते विचारलेही नाही.

बॅटरीतल्या सहाही सेलची (कप्प्यांची) ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडची घनता, हायड्रोमीटरने वेगवेगळी मोजणे हा तपासणीचा गाभा आहे. एकाही घरी झाकणे उघडली गेली नाहीत. आम्ही ती नंतर उघडून मोजली. ट्यूब्युलर बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ग्रॅव्हिटी १.२४० च्या जवळ असते. बहुतेक बॅटऱ्यांत सहाही सेल सारखेच खाली आलेले दिसले. त्या फक्त उतरलेल्या आहेत, एवढाच याचा अर्थ. त्यांना ५ ते ७ अँपिअरच्या संथ चार्जवर दीड-दोन दिवस ठेवायचे, दर तासाला ग्रॅव्हिटी पाहायची आणि सलग तीन नोंदी सारख्या आल्या की थांबायचे. त्यानंतरही दम धरत नसेल तरच बॅटरी गेली म्हणायचे. आपण नाकारलेल्या बॅटऱ्यांपैकी काही पिंपळगाव बसवंतच्या एका दुरुस्ती दुकानात याच पद्धतीने चार्ज केल्या. त्या आज घरोघरी चालू आहेत. नोंदींचा तक्ता सोबत जोडला आहे.

काही बॅटऱ्यांचा प्रकार मात्र वेगळा निघाला. संथ चार्जनंतर पाच सेल १.२३० च्या आसपास आले आणि एकच सेल १.१५० वर अडकून राहिला. सहाही सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात आणि सगळ्यांतून एकच करंट जातो. वापरणाऱ्याने बॅटरी जास्त उतरवली असेल तर सहाही सेल जवळपास सारखेच उतरतील. एकच मागे राहतो तेव्हा तो मुळातच कमकुवत असण्याची शक्यता सर्वांत जास्त. मग सेपरेटर, प्लेटचा जोड किंवा भरलेले ॲसिड यांत दोष शोधायला हवा. पूर्ण उतरताना असा सेल सर्वांत आधी रिकामा होतो आणि बाकीचे पाच सेल त्याच्यातून करंट ढकलत राहतात, त्यामुळे त्याची उलटी चार्जिंग होऊन तो आणखी बिघडतो. दीर्घकाळच्या अंधाराने हा दोष उघड केला, निर्माण केला नाही. या बॅटऱ्या बदलून मिळणे हा आमचा सरळ हक्क आहे.

आता खोक्यावरच्या आकड्यांबद्दल. खोक्यावर ४०० वॅटला साडेचार तास असे छापले आहे. १५० ला १२ ने गुणले की १८०० येतात आणि १८०० ला ४०० ने भागले की साडेचार. हा भागाकार कागदावरच बरोबर आहे. १५० एएच हा आकडा वीस तासांच्या दराचा, म्हणजे साडेसात अँपिअरने, २७ अंश तापमानाला, १०.५ व्होल्टपर्यंत उतरवल्यावर मिळणारा. ४०० वॅटचा भार आणि इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर बॅटरीतून ४० अँपिअरच्या वर करंट ओढला जातो. इतक्या वेगाने उतरवलेली बॅटरी १५० एएच देतच नाही. १०५-११० दिले तरी पुष्कळ, म्हणजे नवीन बॅटरीवरही जेमतेम अडीच तास. त्यात थंडी. निफाडचा पारा हिवाळ्यात ५-६ अंशांपर्यंत उतरतो. तापमान २७ च्या खाली गेले की दर अंशाला क्षमता अर्धा ते एक टक्का घटते, म्हणजे पहाटेच्या गारठ्यात आणखी दहा ते वीस टक्क्यांवर पाणी सोडावे लागते. हे सगळे आपल्या अभियंत्यांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे, म्हणून ते खोक्यावर नसणे आम्हाला जास्त खटकते.

माहितीपुस्तिका तर पूर्णपणे चार-सहा तासांच्या भारनियमनासाठी लिहिलेली आहे. लाइट अनेक दिवस येणार नसेल तर काय करायचे, यावर तिच्यात एक ओळही नाही. या त्रुटीमुळे बॅटऱ्या कशा मेल्या, ते सविस्तर लिहीत आहोत, कारण ही माहिती पुढच्या आवृत्तीत छापली जावी अशी आमची मनापासून इच्छा आहे.

पहिली गोष्ट, इन्व्हर्टर स्वतः वीज खातो. घरातला एकही दिवा लागलेला नसताना, नुसता चालू ठेवलेला हा संच १५ वॅटच्या आसपास, म्हणजे बॅटरीतून सव्वा अँपिअर घेतो. वीस तासांत २५ एएच गेले. आता हिवाळ्याचा हिशेब पाहा. पंखे बंद असतात. ९ वॅटचे चार एलईडी दिवे आणि दोन-तीन मोबाइल मिळून ६० वॅट धरा. इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च मिळवला की साडेसहा अँपिअर. बॅटरी निम्म्यापेक्षा खाली न्यायची नाही असे ठरवले तर ७५ एएच हाताशी राहतात, म्हणजे साडेअकरा तास. रोज संध्याकाळी चार तासच संच चालू ठेवून झोपताना पुढचे बटण बंद केले तर जवळपास तीन रात्री निघतात. तोच संच दिवसरात्र चालू राहिला तर दुसरी संध्याकाळ सरेपर्यंतच ते ७५ एएच संपतात. फरक फक्त एका बटणाचा, आणि ते बटण बंद करा असे पुस्तिका सांगत नाही. उलट "संच कायम चालू स्थितीत ठेवावा" असे तिच्यात लिहिले आहे. लाइट रोज येत असेल तेव्हा ते बरोबर, वादळानंतर ते चूक.

दुसरी गोष्ट, १०.५ व्होल्टला होणारा लो-बॅटरी कट. ४० अँपिअर ओढत असताना १०.५ दिसले तर बॅटरीत अजून बरेच शिल्लक असते. पण साडेसहा अँपिअरच्या हलक्या भारावर १०.५ येणे म्हणजे बॅटरी खरोखर तळाला गेली. आपला संच दोन्ही वेळी एकाच आकड्यावर बंद होतो. शिवाय बंद झाल्यावर भार सुटतो, व्होल्टेज आपोआप साडेअकराच्या वर चढते, बटण दाबले की संच पुन्हा सुरू होतो आणि माणसाला वाटते की अजून जीव आहे. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर कोणीही बटण दाबणारच. हे थांबवणे यंत्राचे काम आहे. हलक्या भारावर ११.५ च्या आसपास कट आणि चार्ज झाल्याशिवाय पुन्हा सुरू न होणे, एवढी सोय केली असती तर आज नाकारलेल्या बहुतेक बॅटऱ्या वाचल्या असत्या. कट झाल्यानंतरही आतले सर्किट थोडा थोडा करंट घेत राहते, म्हणून बॅटरीची एक वायर सोडून ठेवावी, हेही कुठे लिहिलेले नाही. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटवरचे सल्फेट कडक होते आणि दिवसागणिक ती परत भरणे अवघड होत जाते.

तिसरी गोष्ट मागच्या बाजूच्या छोट्या स्विचची, आणि ती सर्वांत जास्त जिव्हारी लागणारी. त्यावर "यूपीएस" आणि "नॉर्मल" असे दोन पर्याय आहेत. पुस्तिकेत त्याबद्दल एकच वाक्य आहे : संगणकासाठी यूपीएसवर ठेवा. यूपीएसवर असताना हा संच साधारण १८० ते २६० व्होल्टच्या दरम्यानचीच लाइट स्वीकारतो, नॉर्मलवर मात्र १०० पासून २९० पर्यंत. वादळानंतर घाईने जोडलेल्या लाइनवर पहिले काही दिवस १५०-१६० व्होल्टच असतात, त्यात सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू होतात. अशा वेळी यूपीएसवर ठेवलेला संच लाइट आलेली असूनही ती गेली असे समजून बॅटरीवरच चालत राहतो. ज्या तासांत बॅटरी भरायला हवी होती, त्याच तासांत ती उतरत राहिली. आपल्या वितरकाने बसवताना सगळे संच यूपीएसवर ठेवले होते, कुणालाही विचारले नव्हते.

चौथी गोष्ट, खेड्यात लोक ट्रॅक्टरवरून बॅटरी चार्ज करतात. पुस्तिका त्याबद्दल गप्प असल्याने प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने करतो, आणि त्यात धोका आहे. इन्व्हर्टरच्या दोन्ही वायरी आधी काढाव्यात. ट्रॅक्टर घराबाहेर मोकळ्यावर ठेवावा. जंपर केबल जाड, किमान १६ चौरस मिलिमीटरची असावी; घरातली दीड-अडीचची वायर वितळते. पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह जोडावे आणि शेवटचा निगेटिव्हचा चिमटा बॅटरीजवळ न लावता ट्रॅक्टरच्या लोखंडी सांगाड्याला लावावा, कारण चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या जोडणीलाच ठिणगी उडते. नुसत्या आयडलिंगवर अल्टरनेटर फारसे देत नाही, ॲक्सिलरेटर थोडा वाढवावा लागतो. २० अँपिअरने दोन तास मिळाले तरी ४० एएच होतात, म्हणजे एका संध्याकाळच्या गरजेपेक्षा जास्त. जनरेटरचेही तसेच. तो खोलीत किंवा ओसरीवर चालवायचा नाही, थंडीत दारे लावलेल्या घरात धूर जीव घेतो. आणि त्याची वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये कधीही घालायची नाही. ती वीज उलटी लाइनवर जाते आणि खांबावर चढलेला वायरमन मरतो.

डिस्टिल्ड वॉटरबाबत पुस्तिका "पातळी कमी दिसल्यास भरावे" म्हणते. उतरलेल्या बॅटरीत पातळी खालीच दिसते, चार्ज होताना ती वर येते. आधी भरले की चार्जिंगमध्ये ॲसिड झाकणांतून बाहेर येते, टर्मिनल खराब होतात आणि आतले ॲसिड पातळ होते. प्लेट उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढेच पाणी घालावे, बाकीचे पूर्ण चार्ज झाल्यावर.

आमच्या मागण्या अशा आहेत. नाकारलेल्या प्रत्येक बॅटरीची संथ चार्जनंतर, सहाही सेलच्या ग्रॅव्हिटीच्या लेखी नोंदीसह फेरतपासणी व्हावी. चार्जनंतरही एखाददुसरा सेल मागे राहिलेल्या बॅटऱ्या विनामूल्य बदलून द्याव्यात. चार्जमधून सुधारलेल्या बॅटऱ्यांचा दुरुस्ती दुकानातला खर्च ग्राहकांना परत करावा आणि त्यांच्या वॉरंटी कार्डावरचा "वॉरंटीबाहेर" हा शेरा लेखी रद्द करावा. खोक्यावरचा बॅकअपचा तक्ता प्रत्यक्ष करंटवर आणि थंडीतल्या तापमानावर आधारून पुन्हा छापावा. दीर्घकाळ लाइट गेल्यास काय करावे याचे एक पान मराठीत, प्रत्येक संचासोबत द्यावे, आणि ते संचाच्या झाकणावर चिकटवता आले तर फारच उत्तम.

वॉरंटीतले "डीप डिस्चार्ज" हे कलम नैसर्गिक आपत्तीनंतरच्या अखंडित अंधाराला लागू करू नये, ही मागणी स्वतंत्रपणे लिहीत आहोत, कारण आपल्या स्थानिक प्रतिनिधीने ती अमान्य होईल असे तोंडी सांगितले आहे. तसे असेल तर ते कारणासह लेखी द्यावे.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास आम्ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली नाशिक जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे सदोष वस्तू, सेवेतील त्रुटी आणि खोक्यावरची दिशाभूल करणारी जाहिरात या तिन्ही मुद्द्यांवर तक्रार दाखल करू. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद आधीच केली आहे. फेरतपासणीसाठी येणाऱ्या तंत्रज्ञाने हायड्रोमीटर सोबत आणावा. चार्जिंगची सोय आम्ही ग्रामपंचायतीच्या सभागृहात करून देऊ. तिथे आता पूर्ण दाबाची लाइट आहे.

कळावे,

आपले ग्राहक,
गोदाकाठ, ता. निफाड, जि. नाशिक

सोबत :
खरेदीच्या पावत्या व वॉरंटी कार्डांच्या छायाप्रती
आपल्या तंत्रज्ञाचे सर्व्हिस रिपोर्ट
संथ चार्जच्या आधीच्या व नंतरच्या ग्रॅव्हिटीचा सेलनिहाय तक्ता
खोक्यावरच्या बॅकअप तक्त्याचे छायाचित्र