मधेच उठून आले

प्रिय ठमे,

गणपतीनंतर एक अक्षर लिहिलं नाही, घाल शिव्या. तब्येत ठीक. गुडघा कुरकुरतो, चालायचंच.

झालं असं की कोजागिरीच्या कार्यक्रमातून मी मधेच उठून आले. दुसरा अंतरा चालू होता. बाईंनी नेहमीसारखं माईकवरूनच सुनावलं, ‘पेटी जरा कमी.’ एकोणीस वर्षं कमीच करतेय गं! भाता लावला, पदर सारखा केला आणि विंगेतून थेट रिक्षात. तबलजी आ वासून बघत राहिला. घरचे म्हणतात, राग आला असेल, जाईल. राग कसला डोंबलाचा! तीन आठवडे झाले, पेटीवरचं फडकं काढलेलं नाही आणि हात शिवशिवतही नाहीत. भीती वाटते ती त्याची.

आता हसू नकोस, पण रात्री ती अमेरिकन जॅझ पियानोवाली, मेरी लू विल्यम्स, लावून बसते. होय, तीच, जिच्यापायी हॉस्टेलात आपला आठवडाभर अबोला होता. ‘मांजर पियानोवरून चाललंय’ म्हणालीस. अजून माफ केलेलं नाही.

आईच्या मांडीवर बसून ऑर्गनवर बोटं टाकणारी ही पोर. पायाने भाता मारायचा ऑर्गन, आपल्या संगीत नाटकातल्यासारखा. आई इतकी दचकली की पोर खालीच पडली म्हणे. पिट्सबर्गला गोरे शेजारी घरावर विटा फेकायचे. ही त्यांच्याच घरी जाऊन वाजवायला लागली, तेव्हा विटा थांबल्या. पुढे कॅन्सस सिटीत अँडी कर्कच्या बँडची पियानोवादक आणि अरेंजरही. क्लॅरिनेटवाल्या बेनी गुडमनच्या बँडने वाजवलेलं ‘रोल एम’ हिचंच. १९४५ मध्ये बारा राशींवर ‘झोडियॅक स्वीट’ रचलं, एकेक रास ओळखीच्या कलावंतांना वाहिलेली. (वृश्चिक ऐक. तुझी रास, नांगी वर करूनच येते.) न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या तिच्या घरी मंक, बड पॉवेल असे जॅझ पियानोवाले पहाटेपर्यंत पियानोवर बसलेले असायचे.

आणि हीच बाई १९५४ मध्ये पॅरिसला चालू कार्यक्रमातून उठून गेली. नंतर तीनेक वर्षं मंच नाही. प्रार्थना, आणि व्यसनात बुडालेल्या वादकांना घरी आणून जेवू घालणं. १९५७ मध्ये कॅथलिक झाली, त्याच वर्षी ट्रम्पेटवाल्या डिझी गिलेस्पीच्या बँडबरोबर न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात पुन्हा वाजवलं. मग जॅझमध्ये चक्क मास, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचं संगीत, रचला. १९८१ मध्ये वारली तोवर ड्यूक विद्यापीठात पोरांना शिकवत होती.

सगळे तिचं परतणं सांगतात. मला त्या तीन वर्षांतल्या एखाद्या मंगळवारचं पडलंय. भांडी घासताना तिची बोटं ओट्यावर चालायची का? आणि तिच्याकडे देव तरी होता. माझ्याच्याने एकादशी होत नाही, साबुदाणा मात्र होतो.

परवा शेजारचा चिंटू फडक्यात हात घालून सूर दाबत होता. भाताच बंद, आवाज कुठून येणार? ‘मावशी, मोडली?’ म्हणाला. मी हो म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.

लेकाचे क्लास कसे चाललेत? सासूबाईंचं मोतीबिंदूचं उरकलं का? फ्लॅटचा ताबा मिळाला की बिल्डर अजून दिवाळीच दाखवतोय?

आणि सतार विकलीस तेव्हा तुझे हात किती दिवस शिवशिवत होते? तेव्हा मी विचारलंसुद्धा नाही, बिदागीवरून भांडत बसले. फोन करू नकोस, फोनवर तू थापा मारतेस. लिही.

तुझी,
पेटीवाली