तत्त्वज्ञानाचे कपाट वेगळेच हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या तालुक्याच्या गावातील वाचनालयाचे नुकतेच नूतनीकरण झाले. फरशी नवी, दिवे नवे, मुलांसाठी स्वतंत्र खोली. पाहून फार बरे वाटले. पण मी ज्या कपाटापाशी इतकी वर्षे उभी राहिले, त्यावरची 'तत्त्वज्ञान' ही पाटी गेली आहे. तिथली पुस्तके 'धर्म व अध्यात्म' या कपाटात मिसळली आहेत. मी विचारले तेव्हा तिथला मुलगा आदराने म्हणाला, "बाई, एकच तर आहे सगळं."

त्याला दोष देत नाही. आपल्याकडे तत्त्वज्ञान म्हटले की प्रवचन डोळ्यांपुढे येते, आणि दुसरीकडे काही सुशिक्षितांना तत्त्वज्ञान म्हणजे देव नाकारण्याचा अभ्यास वाटतो. मी २८ वर्षे तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवले. मी वारकरी घरातली आहे, माळकरी आहे, संध्याकाळचा हरिपाठ चुकवत नाही. मला हे दोन्ही समज चुकीचे वाटतात, म्हणून हे पत्र.

हा वाद आजचा नाही. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त अगदी आरंभी विद्या किती, हा प्रश्न येतो. मनूच्या परंपरेतले म्हणत, विद्या तीनच: त्रयी, वार्ता (शेती-व्यापार) आणि दंडनीती (राज्यकारभार). आन्वीक्षिकी, म्हणजे युक्तीने तपासण्याची विद्या, ही त्रयीचाच, म्हणजे वेदविद्येचाच भाग. वाचनालयातला मुलगा म्हणाला तेच. कौटिल्याने हे मानले नाही. विद्या चारच, असे सांगून त्याने आन्वीक्षिकी वेगळी काढली आणि तिच्यात सांख्य, योग यांच्या शेजारी वेद आणि परलोक न मानणाऱ्या लोकायतालाही बसवले. धर्म आणि अधर्म काय ते त्रयीत कळते, पण या साऱ्या विद्यांचे बळ आणि दुबळेपण युक्तिवादाने तपासते ती आन्वीक्षिकी. तिला तो सर्व विद्यांचा दिवा म्हणतो. एका अर्थी कपाटाची पाटी तेव्हाच लागली होती.

मग फरक कशात? विषयात नाही. आत्मा आहे का, जग कोणी केले, मेल्यावर काय, हे प्रश्न दोन्हीकडे तेच आहेत. फरक आहे तो एखादे म्हणणे कशाच्या बळावर उभे आहे यात. श्रद्धेला "गुरूंनी सांगितले", "ग्रंथात आहे" एवढे पुरते, आणि जगताना पुष्कळदा पुरायलाही हवे. मीही आजीच्या शब्दावर माळ घातली, अनुमानावर नव्हे. तत्त्वज्ञानात मात्र त्या उत्तरानंतर "ते खरे कशावरून?" हा प्रश्न उरतोच, आणि विचारणाऱ्याला गप्प बसवता येत नाही.

म्हणूनच कोण आस्तिक, कोण नास्तिक यावरून पुस्तकांची वाटणी करता येत नाही. मीमांसा दर्शनाचे आचार्य कुमारिल भट्ट यांचेच घ्या. वेदांच्या प्रामाण्यासाठी त्यांच्याएवढे झुंजलेले थोडे. पण जग निर्माण करणारा ईश्वर त्यांनी मानला नाही. शरीर नसताना त्याने जग घडवले कसे, आणि त्याला त्याची गरज काय होती, असे ते विचारतात. हेतू असल्याखेरीज मंदबुद्धीचा माणूसही हात हलवत नाही, हे त्यांचे वचन प्रसिद्ध आहे. उलट न्याय दर्शनाच्या उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली' लिहिली ती ईश्वर सिद्ध करण्यासाठी. घडा आहे तर कुंभार असणार, तसे जग हे कार्य आहे तर त्याचा कर्ता असणार, अशी त्यांची मांडणी. एक वेदनिष्ठ असून ईश्वर नाकारतो, दुसरा भक्त असून पुरावा मागणाऱ्यांच्या फडात उतरतो. दोघांनीही आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचे म्हणणे मांडले, तेही त्याला पटेल इतक्या नेटाने, आणि मग उत्तर दिले. ही शिस्त ज्या पुस्तकात आहे, ते माझ्या मते तत्त्वज्ञानाच्या कपाटातले, लेखकाच्या कपाळावर गंध असो वा नसो.

शंकराचार्य तर श्रुतीला, म्हणजे वेदवचनाला, केवढे मानणारे! तरी गीताभाष्याच्या अठराव्या अध्यायात ते लिहितात की अग्नी थंड आहे असे शंभर श्रुतींनी सांगितले, तरी त्या प्रमाण ठरणार नाहीत.

आमच्या जिल्ह्यातल्या लोकांना हे परके वाटू नये. अमळनेरला १९१६ साली गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठ यांनी तत्त्वज्ञान मंदिर उभे केले. साने गुरुजी शिक्षक होण्याआधी तिथेच होते. अद्वैत वेदान्ताचा अभ्यास हे संस्थेचे मुख्य काम. म्हणजे एक निष्ठा आधीपासून होतीच. तरी तिथे नुसती पारायणे झाली नाहीत. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या अभ्यासकांनी 'अज्ञान' या एकाच कल्पनेवर १९३३ मध्ये ग्रंथ लिहिला. अद्वैताचा सारा डोलारा ज्या कल्पनेवर, तीच विचाराला घेतली. निष्ठा असताना तपासणी करता येते याचा दाखला आपल्या दाराशी आहे.

वर्गात दरवर्षी एक तरी पालक येत. मुलीने हा विषय घेतला तर ती देवाधर्माला सोडेल का, ही त्यांची काळजी. मी त्यांना उदयनाचार्यांचेच सांगत असे: शंकेला मर्यादा असते, आणि ती असते व्याघातापर्यंत, म्हणजे आपल्याच वागण्याशी विसंगती येईपर्यंत. अन्नाने भूक भागते का, अशी शंका घेणारा जर रोज दोन वेळा जेवत असेल, तर ती शंका त्याने खरोखर घेतलेलीच नाही. तेव्हा तत्त्वज्ञान शिकणारी मुलगी काहीही नाकारत सुटत नाही. आपण काय मानतो आणि त्याप्रमाणे वागतो का, हे मात्र ती पाहू लागते. काहींचे उपवास सुटले, हेही मी लपवणार नाही. काहींचे पक्के झाले. एक विद्यार्थिनी आज कीर्तन करते आणि कीर्तनात समोरच्याला प्रश्न विचारू देते.

माझ्या मनातली गोष्ट आता सांगते. 'ज्ञानेश्वरी' घरोघरी आहे, पण 'अमृतानुभव' फार थोडे उघडतात. त्याच्या तिसऱ्या प्रकरणात ज्ञानदेव म्हणतात की ज्ञानही बंधनच आहे. मग शिवसूत्रांत सदाशिवाने हे सांगितले आहे आणि गीतेत श्रीकृष्णानेही, असा दाखला देतात. तिथे थांबता आले असते. वारकऱ्याला यापुढे काय हवे? पण पुढची ओवी अशी आहे:

परी शिवें कां श्रीवल्लभें ।
बोलिलें येणेंचि लोभें ।
मानूं तेंही लाभे ।
न बोलतांही ॥

शिवाने किंवा श्रीवल्लभाने, म्हणजे श्रीकृष्णाने, म्हटले, एवढ्या लोभाने मी ते मानतो असे नाही. त्यांनी म्हटले नसते, तरी ते तसेच ठरले असते. पहिल्यांदा ही ओवी वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते. ज्याला आपण माउली म्हणतो, त्याने आपल्या दैवताच्या शब्दाला प्रेमाने बाजूला ठेवून विचारावे, आणि त्यात भक्तीला कुठे तडा जाऊ नये!

वाचनालयाच्या चालकांना माझी विनंती आहे. पुष्कळ ग्रंथालये वापरतात त्या दशमान वर्गीकरणातही तत्त्वज्ञानाला १०० आणि धर्माला २०० हे क्रमांक आहेत. जुनी पाटी पुन्हा लावावी. पुस्तके वेगळी करायला मी रोज दुपारी दोन तास येऊन बसेन. 'अमृतानुभवा'ची मात्र एकच प्रत आहे आणि तिची बांधणी सुटली आहे. मी दोन नव्या प्रती देते. एक या कपाटात ठेवावी, एक त्या.

आपली,
एक निवृत्त अध्यापिका, जळगाव जिल्हा