आमच्या संघाचा हंगाम कधी सुरू होणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फुटबॉलचा हंगाम तोंडावर आला की आपल्या क्रीडा पानावर वाचकांच्या पत्रांना बहर येतो. कुणी लिव्हरपूलचं कौतुक करतं, कुणी मँचेस्टर युनायटेडच्या नावानं बोटं मोडतं. पत्रं वाचायला मजा येते, पण माझी पंचाईत अशी की माझ्या संघाला हंगामच नाही. मी एफसी पुणे सिटीची प्रेक्षक. २०१९ नंतर या संघानं एकही सामना खेळलेला नाही, कारण हा संघच आता अस्तित्वात नाही. तरी ऑगस्ट उजाडला की मन आपोआप सामन्यांचं वेळापत्रक शोधायला लागतं.

पत्र लिहायला निमित्त झालं ते दिल्लीच्या बातमीचं. पुणे सिटी बंद झाल्यावर आयएसएलमधली (इंडियन सुपर लीग) आपली जागा हैदराबादला गेली हे ठाऊक होतं. २०२५ मध्ये तो हैदराबादचा संघही उठून दिल्लीला गेला आणि स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला. बातमी आली चार ओळींची. पुण्याचा उल्लेख त्यात नव्हता, आणि असायचं काही कारणही नव्हतं म्हणा. पण भाडेकरूनं बिऱ्हाड हलवावं इतक्या सहज एक संघ दुसऱ्यांदा गाव बदलतो, आणि मागे राहिलेल्या माणसांचं काय झालं हे कुणी विचारत नाही, याचं वाईट वाटलं.

बरं, पुण्यानं गमावलेला हा एकच संघ नाही. पुणे एफसी २०१५ मध्ये गेला. त्याच वर्षी भारत एफसी एक हंगाम खेळून गेला. २०१७ मध्ये डीएसके शिवाजियन्सनं गाशा गुंडाळला. २०१९ मध्ये पुणे सिटी. चार-पाच वर्षांत चार संघ! या चौघांतल्या दोघांवर माझा जीव जडला होता, म्हणून त्यांच्याबद्दलच लिहिते.

पुणे एफसी सुरू झाला २००७ मध्ये. आय-लीग ही तेव्हा देशातली सर्वोच्च लीग. तिच्यातल्या पहिल्याच हंगामात, २००९-१० ला, तो तिसरा आला. २०१२-१३ मध्ये तर चर्चिल ब्रदर्सच्या पाठोपाठ दुसरा. गोव्याचे डेरिक परेरा तेव्हा प्रशिक्षक होते. आराता इझुमी हा मूळचा जपानी खेळाडू याच संघात मोठा झाला, भारतीय नागरिक झाला आणि २०१३ मध्ये भारताकडून खेळला. मलप्पुरमचा अनस एडथोडिका इथेच पक्का बचावपटू झाला. २०१४ मध्ये हा संघ एएफसी कपमध्ये, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेत, पुण्याचं नाव घेऊन परदेशी संघांशी खेळला. हे सगळं होत असताना बालेवाडीच्या स्टँडमध्ये किती माणसं असायची? हाक मारली तर समोरच्या बाजूला ऐकू जाईल इतकी. त्या काळात घरातलं कुणी माझ्याबरोबर यायला तयार नसे. ‘पुण्यात फुटबॉल कोण बघतं?’ हा प्रश्न मी नातेवाइकांकडून इतक्या वेळा ऐकलाय की उत्तर द्यायचं सोडून दिलं.

मग २०१४ मध्ये आयएसएल आली आणि सगळंच बदललं. हृतिक रोशन सहमालक, फ्रान्सचा त्रेझेगे आघाडीवर, पुढच्या वर्षी रुमानियाचा मुटू. तेच नातेवाईक आता पास मिळतील का म्हणून फोन करू लागले. मला विचाराल तर पहिली तीन वर्षं नुसती रोषणाई होती. दर वर्षी नवा प्रशिक्षक, दर वर्षी नवे खेळाडू. कोलंबा गेले की प्लॅट, प्लॅट गेले की हबास. मागच्या वर्षीचं काही पुढच्या वर्षी उरायचंच नाही. नावं पाठ होईपर्यंत संघ बदललेला असे.

२०१७-१८ चा हंगाम मात्र खऱ्या अर्थानं आमचा होता. पोपोविच प्रशिक्षक. पुढे मार्सेलिनो आणि अल्फारो, दोघांचं असं जमायचं की चेंडू एकाच्या पायाशी आला की बघणाऱ्याची नजर आपोआप दुसऱ्याला शोधायची. गोलात विशाल कैथ, मध्ये गोव्याचा आदिल खान. आणि डाव्या बाजूनं पळणारा आशिक कुरुनियन. आशिकवर माझा विशेष लोभ, कारण तो पुणे एफसीच्या अकादमीतून वर आलेला. म्हणजे मेलेल्या संघाचं काहीतरी या संघात जिवंत होतं. त्या वर्षी आम्ही चौथे आलो आणि पहिल्यांदाच उपांत्य फेरीत गेलो.

७ मार्च २०१८, बुधवार, रात्री आठचा सामना, समोर बेंगळुरू. बालेवाडीचं मैदान ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे की मैदान आणि प्रेक्षक यांच्यामध्ये धावण्याचा ट्रॅक आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं ते संकुल, फुटबॉलसाठी म्हणून काही बांधलेलं नाही. पलीकडच्या कोपऱ्यात काय चाललंय ते धड दिसत नाही, चेंडू गोलच्या जाळीत गेला की बाहेरून जाळीला लागला हे शेजाऱ्याच्या ओरडण्यावरून समजून घ्यायचं. त्या रात्री मात्र पलीकडची बाजूही नारिंगी दिसत होती. ऑरेंज आर्मीची, म्हणजे आमच्या चाहत्यांच्या गटाची, पोरं ढोल घेऊन आली होती, आणि ढोल वाजवणं पुण्याच्या पोरांना काय शिकवायचं? माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा होते, डोक्यावर नातवाची नारिंगी टोपी, कानाला ट्रान्झिस्टर लावावा तसा मोबाइल लावून ते शेजारच्याला सांगत होते, ‘पहिला गोल आपला झाला पाहिजे, बाकी काही नको.’ गोल कुणाचाच झाला नाही. शून्य-शून्य. सामना संपल्यावर हायवेपर्यंत चालत आलो, बसचा पत्ता नव्हता, रिक्षावाले मागतील ते पैसे. तरी कुणी कुरकुरत नव्हतं. सगळे पुढच्या रविवारचं बोलत होते.

रविवारी बेंगळुरूत सुनील छेत्रीनं तीन गोल केले. त्याला काय बोलणार? तो छेत्री आहे. दोन गोलनी मागे असताना आमच्या लुकानं फ्री किकवर एक गोल परत केला, आणि मग काही मिनिटं अशी गेली की घरातले सगळे उभे होते. अजून एक झाला असता तर बरोबरी होती. मग छेत्रीचा तिसरा आला. ३-१. टीव्ही बंद केला तेव्हा रडू आलं, पण ते चांगलं रडू होतं. पुढच्या वर्षी बघून घेऊ, असं म्हणता येणारं.

पुढचं वर्ष कसं गेलं ते थोडक्यात सांगते, कारण आठवायला नको वाटतं. तीन सामन्यांत प्रशिक्षक बदलला, डिसेंबरपर्यंत सगळं हातातून गेलं, शेवटी थोडं सावरून संघ सातवा आला. त्यानंतर पैशांच्या अडचणीच्या बातम्या, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कळलं की संघ आता हैदराबादचा. निरोपाचा सामना वगैरे काही नाही. शेवटचा सामना शेवटचा होता हे बघणाऱ्यांना नंतर कळलं.

मी पुढची काही वर्षं हैदराबादचे सामने बघत राहिले. मैत्रिणी हसायच्या. मार्सेलिनो तिकडे गेला होता, निखिल पुजारी, आशिष राय गेले होते. पहिल्या वर्षी तो संघ तळाला राहिला तेव्हा, खोटं कशाला बोलू, थोडं बरंच वाटलं. २०२२ मध्ये गोव्यातल्या फातोर्ड्याला केरला ब्लास्टर्सविरुद्ध पेनल्टींवर ते विजेते झाले. गोव्याच्या लक्ष्मीकांत कट्टीमणीनं पेनल्टी अडवल्या, आणि मी मात्र डगआउटमध्ये आपली माणसं मोजत बसले होते.

आता कुणी म्हणेल, क्लब चालवायला कोट्यवधी लागतात, मालकानं किती वर्षं तोटा सोसायचा? बरोबर आहे. मी हिशेब न कळणारी बाई नाही, बँकेत नोकरी केलीय. मालकाला पैसे परवडले नाहीत याबद्दल माझी तक्रारच नाही. माझी तक्रार अशी आहे की मालक गेला की संघ जातो, अशीच रचना सगळीकडे मान्य झालीय. मुंबई सिटीचंच बघा. दोनदा विजेता झालेला संघ, पण सिटी फुटबॉल ग्रुप या मालक कंपनीनं त्यातून अंग काढून घेतलं तेव्हा तिथल्या प्रेक्षकांच्या पोटातही गोळा आला असणार. २०२५-२६ ची अख्खी आयएसएलच व्यावसायिक हक्कांच्या करारावरून महिनोन्महिने रखडली. तेव्हाही चर्चा झाली ती क्लबची, महासंघाची, कंपन्यांची. प्रेक्षक त्यात कुठे होता?

दुसरीकडे वेगळं चालतं. जर्मनीत क्लबमधली बहुसंख्य मतं सदस्यांच्या हातात ठेवण्याचा नियम आहे. इंग्लंडमध्ये विम्बल्डनचा क्लब २००३ मध्ये मिल्टन कीन्सला हलवला गेला. हलवायला परवानगी मिळाली त्याच वर्षी, २००२ मध्ये, चिडलेल्या प्रेक्षकांनी स्वतःचा एएफसी विम्बल्डन काढला. खेळाडू निवडायला त्यांनी गावातल्या मोकळ्या मैदानावर चाचणी घेतली, तिथल्या लीगच्या नवव्या पायरीवरून सुरुवात केली, २०११ मध्ये व्यावसायिक लीगमध्ये आले आणि २०२० मध्ये प्लाऊ लेनला, आपल्या जुन्या गल्लीत, परतले. पुण्यात आम्ही काय केलं? व्हॉट्सअॅप ग्रुपचं नाव बदललं.

इतकं लांब कशाला, कोल्हापूरला जाऊन या. तिथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब हे संघ पेठांचे आणि तालमींचे. भांडणं होतात, हुल्लड होते, पोलिसांना बोलवावं लागतं, ते काही आदर्श नाही. पण शाहू स्टेडियम भरतं, आणि पुढच्या वर्षी आपली तालीम खेळणार की नाही असा प्रश्न तिथल्या कुठल्याही पोराला पडत नाही. त्याच शहरातला अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. आमच्याकडे इतकी माणसं, इतक्या कंपन्या, इतकी कॉलेजं, आणि अभिमानानं सांगायला एक शर्ट नाही.

म्हणजे पुण्यात फुटबॉल नाही असं नाही. एसएसपीएमएस शाळेच्या मैदानावर जिल्हा संघटनेची लीग होते, बरेच संघ खेळतात, डेक्कन इलेव्हनसारखी जुनी नावं त्यात आहेत. मी अलीकडे तिकडे जायला लागलेय. तिकीट नाही, ढोल नाही, कडेला उभं राहायचं. खेळाडू इतके जवळून पळतात की त्यांची एकमेकांना दिलेली शिवी स्पष्ट ऐकू येते (संपादक, ती छापण्याजोगी नसते). चांगले खेळतात. पण निकाल काय लागला हे दुसऱ्या दिवशी शोधायला गेलं तर नाकी नऊ येतात.

म्हणून आपल्याला दोन विनंत्या. पहिली अगदी साधी. युरोपातल्या लीगचे गुणतक्ते आपण न चुकता छापता, त्याच्या शेजारी आठवड्यातून एकदा पुण्याच्या लीगचा गुणतक्ता छापा. दोन इंच जागा पुरेल. कोण कितवा आहे हे कळलं तरच माणूस कुणाच्या तरी बाजूनं उभा राहील.

दुसरी विनंती पुढच्या वेळेसाठी. उद्या पुन्हा कुणी उद्योगपती पुण्याचा संघ काढायला आला, आणि कुणीतरी येईलच, तेव्हा आपल्या वार्ताहरानं मालकाला विदेशी खेळाडू कोण घेणार हे विचारण्याआधी विचारावं: प्रेक्षकांचा प्रतिनिधी समितीवर असेल का? नाव, रंग आणि चिन्ह यांवर हक्क कुणाचा? तुम्ही थांबलात तर अकादमीतल्या पोरांचं काय? उत्तर मिळालं तर तेही छापा आणि नाही मिळालं तर तेही.

बाणेर रस्त्यावर आता मेट्रोचे खांब उभे राहिलेत. बालेवाडीहून रात्री घरी कसं जायचं हा आमचा जुना प्रश्न सुटेल म्हणतात. स्टेशनवर उतरून बघायचं काय, तेवढं ठरायचं बाकी आहे.

आपली नम्र,
एक प्रेक्षक, कोथरूड, पुणे