गोंधळातलं आख्यान कापू नका

मा. संपादक,

लग्नानंतरचा देवीचा गोंधळ हल्ली तासाभरात उरकतात. चौक भरला, पाच उसांखाली घट बसला, दिवटी पेटली, तुळजापूरच्या भवानीसह साऱ्या देवांना आवतण गेलं की थेट आरती! उत्तररंगातलं, म्हणजे उत्तरार्धातलं, कथेचं आख्यानच गळतं. खरी गंमत तर तिथंच. नायक, म्हणजे मुख्य गोंधळी, कथा रंगात आणतो आणि साथीदार मध्येच भाबडा प्रश्न टाकून हशा पिकवतो. माइक संबळासमोर ठेवला तर तुणतुणं आणि हे प्रश्न दोन्ही बुडतात. तो नायक-साथीदारांच्या मध्ये हवा. पावसाळ्यात संबळाचं कातडं सैल पडून आवाज बसतो, म्हणून आधी ऊब द्यावी. आणि डीजे? आख्यान संपेपर्यंत यजमानांनी तो बंदच ठेवावा.

— काही गोंधळप्रेमी वाचक, धाराशिव