ताई, आता एक मेल एकदाच येतो

ताईंना सप्रेम नमस्कार.

आपली प्रत्यक्ष भेट अजून झालेली नाही. मैत्रिणीने तुमचा नंबर दिला, मी बिचकत फोन केला, आणि तुम्ही सलग तीन संध्याकाळी माझ्यासाठी वेळ काढलात. शेवटच्या दिवशी मी घाईघाईत ‘थँक्यू’ म्हणून फोन ठेवला, ते मनाला लागून राहिलं. म्हणून हे पत्र. उघडपणे लिहितेय, कारण तुम्ही जे समजावलंत ते एकच मेल पुन्हा पुन्हा येण्याच्या याच त्रासातून जाणाऱ्या आणखी कुणाच्या तरी उपयोगी पडावं असं मनापासून वाटतं.

मी भाषांतराची कामं करते. मजकूर येतो मेलवर, दुरुस्त्या येतात मेलवर, पैशाचं बोलणंही मेलवरच. दोन आठवडे प्रत्येक मेल दोनदा, मग तीनदा, पुढे तर पाच-पाचदा येऊ लागला. एका कामात सुधारित मसुदा आल्यानंतर जुन्याच मसुद्याची प्रत न वाचलेली म्हणून पुन्हा वर येऊन बसली, आणि मी दोन दिवस त्या जुन्या मसुद्यावर घालवले. तोवर मी रोज रात्री जादा प्रती निवडून पुसत होते. कुणीतरी सुचवलं म्हणून अकाउंट काढून पुन्हा जोडलं, तर सर्व्हरवरचं होतं नव्हतं ते सगळं परत खाली आलं.

तुम्ही एकही सेटिंग बदलायला सांगितलं नाहीत. आधी विचारलंत, “दोन्ही प्रती सारख्या आहेत, हे कशावरून म्हणतेस?” मी म्हटलं, विषय तोच, तारीख तीच. त्यावर तुम्ही मेलचे पूर्ण हेडर, म्हणजे मेलसोबत येणाऱ्या पण एरवी न दिसणाऱ्या प्रवासाच्या नोंदी, उघडायला लावलेत. मेल पाठवला जातानाच त्याला एक मेसेज-आयडी, म्हणजे त्याचा स्वतःचा ओळखक्रमांक, मिळतो. वाटेतला प्रत्येक सर्व्हर आपली ‘रिसीव्ह्ड’ ओळ वरच्या बाजूला जोडत जातो, म्हणून त्या ओळी खालून वर वाचायच्या. मेसेज-आयडी एकच आणि रिसीव्ह्ड ओळीही सेकंदापर्यंत त्याच असतील, तर मेल सर्व्हरवर एकदाच पोचलाय आणि आपल्या कॉम्प्युटरने तो दोनदा उतरवलाय. आयडी एकच पण ओळी वेगळ्या, तर तो खरोखरच दोन वाटांनी आलाय. आयडीच वेगळे असतील, तर बहुधा पाठवणाऱ्याकडूनच दोनदा सुटलाय. माझ्याकडे पहिल्या दोन्ही तऱ्हा निघाल्या, आणि मी त्या एकच दुखणं समजून बसले होते.

दोन वाटांचं कोडं पाच मिनिटांत सुटलं. माझा जुना पत्ता नव्या पत्त्यावर मेल पुढे पाठवत होता, आणि तोच जुना पत्ता मेल प्रोग्रामही स्वतंत्रपणे तपासत होता. पुढे पाठवणं बंद केलं.

एकच मेल कॉम्प्युटरने दोनदा उतरवण्याची तऱ्हा मात्र खरी चिवट. तुम्ही म्हणालात, मेल उतरत असताना खालचा आकडा बघत राहा. तो ११४ पैकी ६८ वर येऊन थांबला. पुन्हा तपासलं, पुन्हा ६८. तुम्ही वेबमेलमधून, म्हणजे ब्राउझरमध्ये थेट सर्व्हरवरचे मेल उघडून, बघायला सांगितलंत, तिथे प्रत्येक मेल एकेकच होता. म्हणजे घोळ सर्व्हरवर नव्हता, तिथून माझ्या कॉम्प्युटरपर्यंतच्या वाटेवर होता.

मग तुम्ही पीओपी, म्हणजे सर्व्हरवरून मेल आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची माझ्या प्रोग्रामची पद्धत, कशी चालते ते सांगितलंत, आणि तो अर्धा तास मला या सगळ्यात सर्वांत मोलाचा वाटतो. पीओपीच्या सर्व्हरला ‘हा मेल हिने आधीच नेलाय’ हे लक्षात ठेवायची सोय नाही. सर्व्हर प्रत्येक मेलची एक खूण देतो, तिला यूआयडीएल म्हणतात. कोणत्या खुणा उतरवून झाल्या याची यादी आपल्याच कॉम्प्युटरवर असते. मी ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ निवडलेलं होतं, म्हणजे सगळी भिस्त त्या यादीवर. माझा प्रोग्राम ती यादी तपासणी नीट पूर्ण झाल्यावरच लिहीत होता. अडुसष्टाव्या मेलला स्कॅन केलेल्या पानांची भलीमोठी पीडीएफ जोडलेली होती. अँटीव्हायरस तो मेल अख्खा अडवून तपासायचा, तेवढ्यात प्रोग्रामची वाट पाहायची मुदत संपायची आणि जोडणी तुटायची. यादी लिहिलीच जायची नाही, आणि पुढच्या खेपेला आधीचे सदुसष्ट पुन्हा नवे म्हणून उतरायचे. अकाउंट काढून जोडल्यावर सगळंच का परत आलं तेही तेव्हा कळलं: अकाउंटबरोबर ती यादीच पुसली गेली होती.

‘मग सर्व्हरवरून पुसायचंच सेटिंग ठेवलं असतं तर?’ असं मी विचारलं होतं. तुम्ही सांगितलंत की तिथेही पीओपी नुसती पुसण्याची नोंद करून ठेवतं. प्रत्यक्ष पुसणं होतं ते प्रोग्रामने रीतसर निरोप घेतल्यावर, म्हणजे ‘क्विट’ म्हटल्यावर. मध्येच जोडणी तुटली की सर्व्हरने काहीच पुसायचं नाही, असा नियमच आहे. आधी हा मला दोष वाटला. पण अर्धवट उतरलेला मेल सर्व्हरवरून नाहीसा होण्यापेक्षा दोनदा येणं केव्हाही बरं, हे लगेच पटलं.

उपाय साधा निघाला. पीडीएफ वेबमेलमधून उतरवून घेतली आणि तो मेल तिथेच दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवला, कारण पीओपीला फक्त इनबॉक्स दिसतो. अँटीव्हायरस बंद करायला तुम्ही सांगितलं नाहीत, प्रोग्रामची थांबायची मुदत तेवढी वाढवून घेतलीत. ११४ पैकी ११४ झालेले पाहून मी फोनवर ओरडलेच होते!

तिसऱ्या संध्याकाळी मी म्हटलं, आता पीओपी सोडून सरळ आयमॅप ही मेल वाचायची दुसरी पद्धत घेऊन टाकू. तुम्ही थांबवलंत आणि विचारलंत की मेल किती ठिकाणी वाचतेस, सर्व्हरवर जागा किती आहे, आणि उद्या सर्व्हरवरचं सगळं गेलं तर तुझ्याकडे काय उरेल. पीओपीचा पहिला आराखडा १९८४ चा. फोनच्या तारेवरून थोडा वेळ जोडणी घ्यायची, मेल उचलायचा आणि तार सोडायची, अशा दिवसांना ते शोभतं. १९८६ मध्ये स्टॅनफर्डला मार्क क्रिस्पिन यांनी आयमॅप आखलं ते उलट बाजूने. त्यात मेल सर्व्हरवरच राहतो, आणि काय वाचलं, कशाला उत्तर दिलं, कोणत्या फोल्डरमध्ये ठेवलं हेही तिथेच नोंदलं जातं. मी फोन आणि कॉम्प्युटर दोन्हींवर वाचते, त्यामुळे कामाच्या पत्त्याला आयमॅप, पोर्ट (म्हणजे सर्व्हरशी जोडणीसाठी सेटिंगमध्ये भरायचा क्रमांक) ९९३. जुन्या पत्त्यावर जागा कमी, आणि तो एकाच कॉम्प्युटरवर उघडते. तिथे पीओपीच ठेवलं, पोर्ट ९९५. इंटरनेटवर ‘पीओपी जुनं झालं, सोडा’ असं वाचून मी तेही बदलून मोकळी झाले असते.

आणि आयमॅप म्हणजे बॅकअप नव्हे, हे तुम्ही दोनदा बजावलंत. फोनवर पुसलेला मेल कॉम्प्युटरवरूनही जातो. म्हणून जुने मेल आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतले, आयमॅपचं अकाउंट वेगळं नवीन जोडलं, आणि मेसेज-आयडी ताडून जादा प्रती काढल्यावरच एकेका वर्षाचा गठ्ठा सर्व्हरवर हलवायला घेतला. या कामात घाई करू नकोस म्हणालात, केली नाही.

दोन वर्षांचे गठ्ठे अजून बाकी आहेत, येत्या रविवारी बसेन. अडकले तर हेडर आधी उघडून ठेवेन आणि मगच तुम्हाला फोन करेन. तुमचे मनापासून आभार, ताई.

तुमची,
एक भाषांतरकार